एक केंद्र, दोन जागा

शॉर्टवेव्हच्या पट्ट्यावर १०,००० किलोहर्ट्झ ही जागा मोठी मोलाची मानली जाते. तेथे कोणी गाणी लावीत नाही की बातम्या देत नाही. तेथे घड्याळ चालते. चीनमधील पुचेंग येथून बीपीएम, अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातून डब्ल्यूडब्ल्यूव्ही आणि हवाई बेटांवरून डब्ल्यूडब्ल्यूव्हीएच अशी प्रमाणवेळ सांगणारी केंद्रे याच कंप्रतेवर दर सेकंदाला एक टिक् पाठवीत असतात. (कंप्रता म्हणजे दर सेकंदाला होणाऱ्या कंपनांची संख्या. जुन्या संचांच्या पट्टीवर किलोहर्ट्झऐवजी किलोसायकल असे लिहिलेले दिसेल, दोन्ही एकच.) आपल्याकडे यांतले चीनचे घड्याळ रात्री बऱ्यापैकी ऐकू येते. या केंद्रांची कंप्रता अणुघड्याळाला बांधलेली असते. किलोहर्ट्झचे राहू द्या, ती एका हर्ट्झनेही ढळत नाही.

असे असूनही, साध्या रेडिओवर काटा ९,०९०च्या जागी नेला, तर पुष्कळदा तीच टिकटिक तेथेही ऐकू येते. आवाज थोडा क्षीण असेल, पण घड्याळ तेच. वरील तिन्ही केंद्रांपैकी एकही केंद्र ९,०९०वर काही पाठवीत नाही. मग तेथे ते आले कोठून?

पहिल्याने असे वाटते की पट्टीवरचे आकडे चुकले असावेत. पण मग १०,०००वर ती टिकटिक ऐकू यायला नको होती. ती तर तेथेही आहे, आणि अधिक जोरात आहे. एकच केंद्र एकाच संचावर दोन ठिकाणी लागते आहे. दोन जागांमधले अंतर आहे ९१० किलोहर्ट्झ. हा आकडा लक्षात ठेवा. सगळे रहस्य त्यातच आहे.

मेणाचा गोळा आणि विस्पंद

रेडिओ क्षणभर बाजूला ठेवून प्रयोगशाळेत जाऊ. दोन नादकाटे घ्या. एकावर २५६ असा आकडा कोरलेला आहे. दुसऱ्यावरचा आकडा झिजून गेला आहे. दोन्ही एकदम वाजवले की आवाज कमी-जास्त, कमी-जास्त होत राहतो. यांना विस्पंद म्हणतात. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा जुळवताना गवई याच विस्पंदांकडे कान लावून बसतो. ते सावकाश होत होत थांबले की तारा जुळल्या. समजा, आपल्याला दर सेकंदाला ४ विस्पंद मोजता आले. तर आकडा नसलेल्या काट्याची कंप्रता किती?

घाईने उत्तर देणारा म्हणेल, २६०. पण २५२ हेही उत्तर तितकेच बरोबर आहे! विस्पंद फक्त फरक सांगतात. कोण वर आणि कोण खाली, हे ते सांगत नाहीत. तुमचे गुरुजी अशा वेळी काय करतात, ते आठवा. त्या काट्याच्या एका पायाला ते थोडे मेण चिकटवतात. मेणाच्या वजनाने काट्याची कंप्रता किंचित उतरते. विस्पंद ४चे ३ झाले तर काटा मुळात २६०चा होता. ४चे ५ झाले तर २५२चा.

तुमच्या रेडिओच्या पोटात हाच प्रयोग अहोरात्र चालू असतो. मात्र तेथे मेण लावणारे गुरुजी नसतात.

फरक काढण्याची गरज का पडली?

एरियलवर एकाच वेळी शेकडो केंद्रांच्या लहरी येऊन आदळत असतात. त्यांतून हवे ते केंद्र वेचून काढायचे तर कॉइल आणि कंडेन्सर यांची जोडी वापरतात. झोक्याला त्याच्या लयीत धक्के दिले तरच तो चढतो, तसे या जोडीचे आहे. तिच्या स्वतःच्या कंप्रतेशी जुळणारी लहर तिच्यात जोराने घुमते, बाकीच्या लहरी मंदावतात.

पण ही जोडी किती काटेकोरपणे निवड करते? चांगल्या कॉइलची जोडी ढोबळमानाने आपल्या कंप्रतेच्या ऐंशीव्या भागाइतका पट्टा आत घेते, असे समजू. मध्यमलहरींवर ६०० किलोहर्ट्झचे केंद्र लावले तर हा पट्टा साडेसात किलोहर्ट्झचा होतो. एका केंद्राला तेवढी जागा लागतेच. पण १०,००० किलोहर्ट्झवर तीच जोडी १२५ किलोहर्ट्झचा पट्टा आत घेईल! शॉर्टवेव्हवर केंद्रे पाच-पाच किलोहर्ट्झच्या अंतरावर बसलेली असतात. म्हणजे एका जागी पंचवीस केंद्रे एकदम. तो रेडिओ कसला, तो आठवड्याचा बाजार झाला.

जोडी जितक्या खालच्या कंप्रतेवर चालवावी तितकी ती बारीक चाळते, हे यावरून दिसते. तेव्हा हवे ते केंद्र वरच्या कंप्रतेवरून खालच्या, ठरावीक कंप्रतेवर उतरवून घ्यावे आणि मग सावकाश चाळावे, ही युक्ती पुढे आली. दोन कंपने मिसळून फरकाचे कंपन मिळवण्याची कल्पना अमेरिकेतील रेजिनाल्ड फेसेंडेन यांनी १९०१मध्येच मांडली होती. तिच्यावर आधारलेला पूर्ण संच एडविन आर्मस्ट्राँग या अमेरिकन लष्करातील अभियंत्याने १९१८मध्ये, पहिले महायुद्ध चालू असताना पॅरिसमध्ये रचला. फ्रान्समध्ये ल्युसिएं लेव्ही आणि जर्मनीत वॉल्टर शॉट्की यांनाही जवळपास त्याच सुमारास हीच गोष्ट सुचली होती. श्रेयावरून पुढे पुष्कळ कज्जे झाले. ते येथे नकोत. या रचनेला सुपरहेटरोडाइन असे लांबलचक नाव पडले, आणि तुमच्या घरी जुना रेडिओ असेल तर तो बहुधा याच जातीचा आहे.

आर्मस्ट्राँगची अडचण थोडी वेगळी होती. त्या वेळच्या निर्वात नलिकांना, म्हणजे व्हॉल्व्हना, उच्च कंप्रतेच्या क्षीण लहरी वाढवून मोठ्या करणे जमत नसे. म्हणून त्याला त्या खाली आणाव्या लागल्या. बारीक चाळण हा लाभ त्याबरोबर आपसूकच मिळाला.

आता या संचाचे काम पाहू. संचात एक छोटेसे प्रेषणयंत्रच दडलेले असते. त्याला स्थानिक आंदोलक म्हणतात. तुम्ही केंद्र लावण्याचे बटण फिरवता, तेव्हा आतला गँग कंडेन्सर फिरतो. त्याचे दोन भाग एकाच दांड्यावर असतात. एक भाग एरियलकडील कॉइलला जुळवतो, दुसरा आंदोलकाला. आणि आंदोलक नेहमी ४५५ किलोहर्ट्झने पुढे राहील अशी योजना केलेली असते. काटा १०,०००वर असला की आंदोलक १०,४५५वर. दोन्ही कंपने मिश्रकात जातात आणि १०,४५५ वजा १०,००० म्हणजे ४५५ किलोहर्ट्झचे नवे कंपन बाहेर पडते. केंद्राची टिकटिक, बोलणे, गाणे, जे काही असेल ते या नव्या कंपनावर जसेच्या तसे स्वार झालेले असते. (शिक्षकांसाठी एक खुलासा: हवेत दोन स्वरांची नुसती बेरीज होते. मिश्रकात एका कंपनाला दुसऱ्याने गुणले जाते, म्हणून फरकाच्या कंप्रतेचे कंपन खरोखरच निर्माण होते. बेरजेचे कंपनही निर्माण होते, पण ते पुढच्या कॉइली अडवतात.)

या ४५५ला मध्यस्थ कंप्रता म्हणतात. रेडिओ दुरुस्त करणारे तिला नुसते ‘आय. एफ.’ म्हणतात. जुना ट्रान्झिस्टर उघडलात तर आत पत्र्याच्या चौकोनी डब्या दिसतील. त्यांच्या डोक्यावर पिवळा, पांढरा, काळा अशा रंगांचे फिरकीसारखे खिळे असतात. त्या आय. एफ.च्या डब्या. खरी चाळण त्यांत होते. त्या कायमच्या ४५५वर बसवलेल्या असतात. (कृपा करून ते खिळे फिरवू नका. एकदा बिघडले की पुन्हा जुळवायला उपकरण लागते.)

आरसा

आता काटा ९,०९०वर न्या. आंदोलक कोठे गेला? ९,०९० अधिक ४५५, म्हणजे ९,५४५. संचाची अपेक्षा अशी की ९,०९०वरचे केंद्र मिश्रकात यावे आणि फरक ४५५ निघावा.

पण १०,०००ची लहरसुद्धा एरियलवर आहेच. ती मिश्रकात शिरली तर? १०,००० वजा ९,५४५. वजाबाकी करा.

४५५!

मिश्रकाला काय कळणार की हा ४५५ वरून आला की खालून? नादकाट्यांच्या विस्पंदांसारखेच हे. आय. एफ.च्या डब्यांना तर ४५५ हवेच आहेत. त्या आनंदाने त्याला पुढे सोडतात. आणि ९,०९०च्या आकड्यावर तुम्हाला चीनचे घड्याळ ऐकू येते.

सपाट आरशाचा नियम तुम्ही शिकला आहात. वस्तू आरशाच्या जितकी पुढे, प्रतिमा तितकीच मागे. येथे आंदोलक हा आरसा आहे. त्याच्या एका बाजूला ४५५वर आपल्याला हवे असलेले केंद्र, दुसऱ्या बाजूला तितक्याच अंतरावर नको असलेले. दोन्हींमधील अंतर ४५५ची दुप्पट, म्हणजे ९१०. म्हणूनच या आगंतुकाला प्रतिमा-संदेश असे नाव आहे. उपमा येथे थोडी लंगडी पडते, हेही सांगायला हवे. आरशातली प्रतिमा आभासी असते; आरशामागे हात घातला तर हाताला काही लागत नाही. येथे आरशापलीकडचे केंद्र अगदी खरे आहे. खोटी आहे ती फक्त पट्टीवरची त्याची जागा.

दारावरचा रखवालदार

मग प्रत्येक केंद्र नेहमीच दोन ठिकाणी का लागत नाही? मध्यमलहरींवर तर असे फारसे होत नाही. कारण मिश्रकाच्या आधी, दारातच, एरियलची कॉइल रखवालदारासारखी बसलेली असते. पाच किलोहर्ट्झवरचा शेजारी तिला ओळखू येत नाही, पण ९१० किलोहर्ट्झ दूरचा परका तरी ओळखू यायला हवा. तो येतो का, हे पाहू.

काटा ६००वर आहे, तेव्हा प्रतिमेची जागा १,५१०. म्हणजे अडीचपट वर. दोघांत भलताच फरक. हत्ती आणि उंटच म्हणा. वर घेतलेल्या कॉइलसाठी हिशेब केला तर प्रतिमेची लहर हव्या असलेल्या लहरीच्या मानाने सुमारे १७० पट क्षीण होते. काटा १०,०००वर नेला की प्रतिमा १०,९१०वर. आता फरक अवघा नऊ टक्के! रखवालदार गोंधळतो, प्रतिमा फक्त १४ पट क्षीण होते. २१,५०० किलोहर्ट्झवर, म्हणजे पट्टीवर ज्याला १३ मीटर लिहिलेले असते तेथे, फरक जेमतेम चार टक्के उरतो आणि क्षीणता साडेसहा पटींवर येते. अंतर तेच ९१०, पण घर जितके उंच तितके ते लहान दिसते.

(अकरावी-बारावीचे विद्यार्थी हे आकडे स्वतः काढू शकतील. प्रतिमेच्या कंप्रतेला केंद्राच्या कंप्रतेने भागा, त्यातून उलट भागाकार वजा करा आणि येणाऱ्या संख्येला कॉइलच्या गुणवत्तांकाने, येथे ८०ने, गुणा. मध्यमलहरींवर आणि शॉर्टवेव्हवर मिळणारे उत्तर म्हणजे जवळजवळ हवी ती पट.)

चौदा पट म्हणजे काही कमी नाही, असे तुम्ही म्हणाल. होय, पण समोर कोण आहे तेही पाहायला हवे. हौशी रेडिओचालकांना, म्हणजे हॅम मंडळींना, १४,००० ते १४,३५० किलोहर्ट्झ हा पट्टा दिलेला आहे. त्यांचे प्रेषण पुष्कळदा १०० वॉटचे असते. या पट्ट्याच्या वरच्या टोकाकडील जागांमध्ये ९१० मिळवा. १४,१९० अधिक ९१०, पंधरा हजार शंभर. आणि १५,१००पासून सुरू होतो १९ मीटरचा नभोवाणी पट्टा! तेथील केंद्रे ५०० किलोवॉटपर्यंत शक्तीची असतात. ५०० किलोवॉट म्हणजे १०० वॉटच्या ५,००० पट. एरियलवर निर्माण होणारा विद्युतदाब शक्तीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. ५,०००चे वर्गमूळ सुमारे ७०. दोघेही सारख्याच अंतरावरून येत असतील तर नभोवाणीची लहर हॅमच्या लहरीपेक्षा ७० पट जोरदार. रखवालदाराने तिला या जागी सुमारे १० पट कमी केले, तरी ती सात पट जोरदार उरलीच. बिचाऱ्या हॅमचे बोलणे कोणत्या तरी देशाच्या बातम्यांखाली बुडून जाते.

येथे नुसत्या गैरसोयीपेक्षा अधिक काही पणाला लागलेले असते. हॅम लोकांच्या पट्ट्यात नभोवाणीला घुसायला मनाई आहे. घुसखोरी खरोखरच होते, हेही खरे. १९७६ ते १९८९ या काळात सोव्हिएट संघाच्या क्षितिजापार पाहणाऱ्या रडारची सुतारपक्ष्यासारखी टकटक जगभर शॉर्टवेव्हवर ऐकू येई, आणि तिच्याबद्दलच्या तक्रारी अगदी रास्त होत्या. पण १४,२०० वर एखाद्या देशाच्या बातम्या ऐकू आल्या म्हणून त्या देशाने नियम मोडला असे लगेच म्हणता येत नाही. तो देश १५,११० वर आपल्या हक्काच्या जागी बसलेला असेल, आणि घुसखोर तुमच्याच टेबलावरच्या पेटीत असेल. दूरची केंद्रे ऐकून त्यांना अहवाल पाठवणे आणि त्यांच्याकडून पोचपावतीची कार्डे मिळवणे हा छंदही जगात पुष्कळांना आहे. ज्या कंप्रतेवर केंद्राने कधी प्रेषणच केले नाही, तेथे ‘ऐकले’ असा अहवाल गेला तर तो घेणार कोण?

ओळखायचे कसे?

तेव्हा मेणाचा गोळा येथेही हवा. तो तुमच्या हातातच आहे, कारण केंद्र लावण्याचे बटण हाच तो गोळा.

समजा, १४,२००वर एक हॅम बोलत आहे, त्याच्यावर १५,११०ची प्रतिमा पडली आहे आणि आंदोलक १४,६५५वर आहे. दोघांचाही फरक ४५५. आता बटण किंचित फिरवून आंदोलक १ किलोहर्ट्झने वर न्या. हॅमचा फरक ४५६ होतो, पण प्रतिमेचा ४५४! एक वर चढला, दुसरा खाली उतरला. या दोघांमध्ये २ किलोहर्ट्झचा विस्पंद निर्माण होतो, आणि तो शिटीसारखा ऐकू येतो. बटण आणखी फिरवा, शिटी आणखी बारीक होते. परत आणा, शिटी जाड होत होत नाहीशी होते.

याउलट दोन्ही केंद्रे खरोखरच त्या जागी असती, एक १४,२००वर आणि दुसरे १४,२०२वर, तर बटण फिरवल्याने दोघांचे फरक एकाच दिशेने बदलले असते. त्यांच्यातले अंतर २ किलोहर्ट्झ होते तेवढेच राहिले असते. शिटी लहान-मोठी होईल, पण तिचा सूर बदलणार नाही. सूर बदलणारी शिटी म्हणजे प्रतिमा, न बदलणारी म्हणजे खरा शेजारी. कानाने करायची इतकी स्वच्छ परीक्षा विज्ञानात फार थोडी सापडते.

दुसरी परीक्षा सोपी आहे. संशय येताच काटा ९१० किलोहर्ट्झ वर न्या. तोच कार्यक्रम तेथे अधिक मोठ्याने लागला तर खालचा खोटा.

शॉर्टवेव्हवरची कितीतरी केंद्रे आता बंद झाली आहेत. बीबीसीची हिंदी सेवा जानेवारी २०२०मध्ये तेथून गेली. तुमच्या गावी प्रयोगापुरते एखादे जोरदार केंद्र न मिळाल्यास मध्यमलहरींवर वेगळा प्रयोग करून पाहा. त्याला दोन साधे ट्रान्झिस्टर पुरतात. मात्र ते जुन्या, गँग फिरवून केंद्र लावण्याच्या धाटणीचे असावेत. एकावर कोणतेही क्षीणसे केंद्र लावा. ते १,०४४ किलोहर्ट्झवर आहे असे समजू. दुसरा संच त्याला चिकटून ठेवा, त्याचा आवाज बंद करा (संच नव्हे) आणि त्याचा काटा ५८९च्या आसपास सावकाश फिरवा. एका विवक्षित जागी पहिल्या संचातून शिटी निघेल. ५८९ अधिक ४५५ म्हणजे १,०४४. दुसऱ्या संचाच्या पोटातील ते छोटे प्रेषणयंत्र तुम्ही पहिल्या संचावर पकडलेत. ज्याला आपण आरसा म्हटले तो असा कानांना ऐकू येतो.

४५५च का?

आता एक साहजिक प्रश्न. आरशापासूनचे अंतर वाढवले तर प्रतिमा आपोआप लांब जाईल. मग ४५५ऐवजी १,६०० का घेऊ नये?

घेता येईल. मग प्रतिमा ३,२०० किलोहर्ट्झ दूर जाईल आणि १०,०००च्या जागी रखवालदार तिला १४ऐवजी ४५ पट कमी करील. पण चाळणीचे काय? ऐंशीव्या भागाचा नियम आय. एफ.च्या डब्यांनाही लागू आहे. ४५५चा ऐंशीवा भाग पावणेसहा किलोहर्ट्झ. १,६००चा ऐंशीवा भाग वीस किलोहर्ट्झ. म्हणजे लांबचा चोर गेला, पण चार शेजारी घरात शिरले! उलट आय. एफ. फार खाली ठेवावी तर शेजारी बाहेर राहतात आणि प्रतिमा जवळ येते. आर्मस्ट्राँगनंतरच्या पहिल्या काही वर्षांत, १९२०च्या दशकात, ही कंप्रता चाळीस-पन्नास किलोहर्ट्झच्या आसपास ठेवीत. तेव्हा मध्यमलहरींवरसुद्धा एकच केंद्र पट्टीवर जवळजवळच्या दोन जागी लागत असे. ४५५ हा त्या ओढाताणीत निघालेला तोडगा आहे. मध्यमलहरींना तो छान लागू पडतो, शॉर्टवेव्हवर मात्र तोकडा. स्वस्त संचांत दोन्हींसाठी एकच आय. एफ. वापरतात, आणि त्याची किंमत शॉर्टवेव्ह ऐकणाऱ्याला मोजावी लागते.

महागड्या संचांत पूर्वी दारावर एकाऐवजी दोन रखवालदार बसवीत. १४ पट कमी झालेली प्रतिमा पुन्हा १४ पट कमी झाली की जवळजवळ २०० पट. गँगला दोनऐवजी तीन पाळी दिसल्या की असा संच ओळखावा. दुसरा उपाय म्हणजे दोनदा उतरणे. आधी उंच आय. एफ. घेऊन प्रतिमा लांब हाकलायची, मग दुसऱ्या आंदोलकाने ४५५वर उतरून शेजारी चाळायचे.

पण मला सगळ्यांत आवडतो तो उपाय वरकरणी उफराटा आहे. केंद्र खाली उतरवण्याऐवजी आधी वर चढवायचे! समजा पहिली आय. एफ. ४५ मेगाहर्ट्झ, म्हणजे ४५,००० किलोहर्ट्झ घेतली. १० मेगाहर्ट्झचे केंद्र हवे तर आंदोलक ५५वर. मग आरशापलीकडची जागा ५५ अधिक ४५, म्हणजे १०० मेगाहर्ट्झ. शॉर्टवेव्हचा सगळा पट्टा ३० मेगाहर्ट्झला संपतो. तेव्हा ३०च्या वरचे सर्व काही अडवणारी एकच कायमची चाळणी दारात बसवली की झाले. बटणाबरोबर रखवालदाराला फिरवण्याचीही गरज नाही. दक्षिण आफ्रिकेचे अभियंते ट्रेव्हर वॅडली यांनी आखलेला आणि १९५०च्या दशकात इंग्लंडात तयार झालेला रॅकल आरए-१७ हा प्रसिद्ध संच असाच आधी ४० मेगाहर्ट्झवर चढून मग खाली उतरत असे. पुढे आकडे दाखवणाऱ्या चांगल्या शॉर्टवेव्ह संचांची ही रूढ पद्धत झाली. अलीकडच्या एका चकतीत सामावणाऱ्या संचांत तर दोन मिश्रक असतात. त्यांना आंदोलकाची कंपने एकमेकांपासून पाव आवर्तनाने सरकवून देतात, आणि मग गणिताने वरचा कोण, खालचा कोण हे ओळखून प्रतिमा वजा करून टाकतात. मात्र पट्टीवर आकडे चमकतात म्हणून आतला संच नवा असेलच असे नाही. काही स्वस्त संचांत आत जुनीच ४५५ची रचना असते, बाहेर फक्त कंप्रता मोजणारे घड्याळ लावलेले असते. प्रयोगाला ते उत्तम!

एफ. एम.च्या बाबतीत हा विचार आधीच केलेला दिसतो. तेथे मध्यस्थ कंप्रता १०.७ मेगाहर्ट्झ असते, तिची दुप्पट २१.४. एफ. एम.चा पट्टा ८७.५ ते १०८, म्हणजे साडेवीस मेगाहर्ट्झ रुंद. दुप्पट जरा जास्त आहे, म्हणून एफ. एम.चे एक केंद्र दुसऱ्याची प्रतिमा कधीच होऊ शकत नाही. मात्र १०८च्या वर विमानांचा पट्टा सुरू होतो. विमानतळाजवळ राहणाऱ्यांच्या जुन्या एफ. एम. संचावर गाण्यामध्येच वैमानिकाचे शब्द का उमटत, हे आता तुम्हाला सांगता येईल.

दोन उदाहरणे सोडवून पाहा. एका संचावर १०,००० किलोहर्ट्झचे घड्याळ ९,०९०ऐवजी १०,९१०वर दुसऱ्यांदा ऐकू येते. त्या संचातील आंदोलक केंद्राच्या कोणत्या बाजूला चालतो? आणि दुसऱ्या एका संचावर तेच घड्याळ ९,०६०वर सापडले. संच न उघडता त्याची मध्यस्थ कंप्रता सांगा.